वेशीतली एक बादली

मी, सुलेखा दिलीप पेंढरकर, वय ५६, राहणार सेरंगून, सिंगापूर, हे मृत्युपत्र शुद्धीवर आणि कुणाचंही दडपण नसताना लिहिते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. रक्तदाबाबद्दल तो नाराज आहे, बुद्धीबद्दल समाधानी. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. सेरंगूनचा फ्लॅट माझी मुलगी जाई हिला. प्राचीन इस्राएलच्या ओम्री राजाने टेकडी विकत घेऊन शोमरोन ही राजधानी वसवली, ती दीडशेच्या वर वर्षं टिकली. आपल्या फ्लॅटचा भाडेपट्टा नव्व्याण्णव वर्षांचा आणि त्यातली अडतीस सरली. तेव्हा जाई, तट बांधू नकोस, स्वयंपाकघरातली गळती तेवढी बघ.

२. बँकेतल्या ठेवी जाईलाच. सीपीएफ, म्हणजे इथला भविष्यनिर्वाह निधी, मृत्युपत्रात येत नाही. त्याचं नामांकन केलेलं आहे.

३. उत्खननाची थापी आणि दोन ब्रश जाईला. ती म्हणेल, "आई, व्हॉट फॉर, लाह?" कुंड्यांसाठी.

४. प्राचीन इस्राएलच्या तटबंदीच्या गावांवरची माझी पुस्तकं इथल्या मराठी मंडळाच्या कपाटाला. मंडळाच्या साधनाताईंना व्यक्तिशः काही नाही. सात राजधान्यांवरच्या व्याख्यानाला त्यांनी मला वीस मिनिटं दिली होती. मी शोमरोनच्या आधीच्या राजधानीपर्यंत, तिर्झापर्यंत पोचले, तोच मागून त्यांचा आवाज आला, "सुलेखाताई, आवरा, वडे गार होतायत." शोमरोन राहिलंच. वारसा नसल्यामुळे साधनाताई साक्षीदार म्हणून मात्र चालतात.

५. विधी थोडक्यात. स्पष्ट उच्चारांचे गुरुजी मिळाले तरच मंत्र. नाहीतर शांतता बरी.

६. "माझी उत्खननाची वही निशिकांत मोघे याला" असं हे कलम मागच्या आठवड्यापर्यंत होतं. ते काढलं आहे. का, ते लिहून ठेवते.

निशिकांत आणि मी पुण्यात संस्कृतच्या एम.ए.ला एका वर्गात, पुढे रॅफल्स प्लेसला एका बँकेत. बारा वर्षांपूर्वी रजा साठवून आम्ही दोघं इस्राएलमध्ये एका टेकडीवर स्वयंसेवक म्हणून खणायला गेलो. तिथे सहा देवड्यांची, म्हणजे पहारेकऱ्यांच्या सहा खोल्यांची, वेस निघाली होती. ती शलमोन राजाची, की शंभरेक वर्षांनंतरच्या राजांची, हा वाद. उत्तर खापऱ्यांत असतं, म्हणून खापऱ्यांच्या प्रत्येक बादलीला थराची चिठ्ठी बांधतात. घाईत मी खालच्या थरातल्या बादलीला वरच्या थराची चिठ्ठी बांधली. दोन काळांच्या खापऱ्या एकत्र झाल्या आणि ती देवडी अहवालातून बाद झाली.

चिठ्ठ्यांची जबाबदारी निशिकांतकडे होती. प्रमुखांनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं. तो म्हणाला, "माझंच लक्ष नसेल." मी शेजारी उभी होते. बोलले नाही, कारण मला पुढच्या वर्षी परत यायचं होतं. मी आणखी चार वर्षं गेले. त्याला पुन्हा बोलावलं नाही. "चूक झाली कशी?" असं तो मला विचारत राहिला, तेव्हा मी त्याचे फोन घेणं सोडलं.

हे सगळं वहीत आहे. माझ्यामागे ती त्याला मिळावी, असा सोयीचा बेत होता. पण पूर्वी फ्लॅटच्या कागदांपासून सगळीकडे साक्षीला निशिकांतच असायचा, त्या सवयीने मी इथेही त्याचंच नाव घातलं. मसुदा बघून आमचा वकील अभय म्हणाला, "मावशी, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. वही तरी काढा, नाहीतर काका तरी."

मी वही काढली आणि फोन केला.

"सही करायला येशील?"

"कशावर?"

"मृत्युपत्रावर."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"मग येतो."

काल आला. मी वही हातात दिली. ते पान त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, "वर्षभर मी स्वतःच्याच चिठ्ठ्या आठवून आठवून तपासत होतो, सुलेखा."

"माहीत आहे."

"सही उद्या करीन. पण मी माफ केलं असं त्यात घालू नकोस."

घातलेलं नाही.

७. या सगळ्याची अंमलबजावणी जाईने करावी. अडलं तर अभयला विचारावं, मला विचारायची सवय मोडावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सुलेखा दिलीप पेंढरकर
सेरंगून, सिंगापूर
रविवार, १६ मार्च २०२५

साक्षीदार १: साधना कारखानीस. वडे गरमच होते.

साक्षीदार २: निशिकांत मोघे. सही माझ्यासमोर झाली, एवढ्याचीच साक्ष. वही घरी नेतो आहे. पुढच्या चार वर्षांची पानं वाचायची आहेत.