उताराचं दार कुणासाठी

गॅरेट,

मुलींना घेऊन तळ्यावर मुक्कामाला जातेय, रविवारी येऊ. कालचं मीटलोफ फ्रीजमध्ये आहे.

मालवाहू ट्रेलर घेताना घसा कोरडा करून सांगितलं होतं, की आपल्याला त्यात राहायचंय, उंच छताचा बघ. तू म्हणालास, "उंचाला वारा लागतो, ट्रक पेट्रोल ढोसतो." तुझं बरंय, तू आमच्याहून ठेंगणा, आत टोपी घालूनही ताठ उभा राहतोस. मला आणि मुलींना कुबड यायची वेळ! तरी काल पलंगांचं माप घ्यायला आत शिरले, तर तिथे तुझी बर्फावरची गाडी पट्ट्यांनी बांधलेली. खाली पाडलं की उतार होणारं ते मागचं दार कुणासाठी होतं, ते तेव्हा कळलं. नाव चौघांचं आणि सोय तिची!

आज तो बुटका परत देऊन उंच आणलाय. देण्याआधी तुझी गाडी त्याच उतारावरून खाली घेतली आणि "फुकट, घेऊन जा" अशी पाटी लावून रस्त्याकडेला ठेवली. शेजारचा डेल मघापासून तिच्याभोवती घुटमळतोय.

गाडी गेली तरी पाटी तेवढी उचलून ठेव. तुझ्या बाकीच्या सामानाला लागेल.

लोर्ना