ज्यानं जास्त जागा धरली, तो खाली

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

केज, रविवार

चि. श्रीशैल यास मन्मथदादाचे पोटभर आशीर्वाद. (पन्नाशी उलटलेल्या माणसाला चिरंजीव लिहू नये, असं तुझी वहिनी म्हणते. पण तू माझ्या धाकट्या काकांचा मुलगा. केस पांढरे झाले म्हणून मोठा होत नाहीस.) इकडे सर्व कुशल. माझी साखर ताब्यात आहे, गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात, आणि भांड्यांचं दुकान चालू आहे, म्हणजे उघडं असतं. तुझी पाठ कशी आहे? पुण्याच्या ऑफिसातल्या खुर्च्या एवढ्या भारी असतात म्हणे, मग पाठ दुखते कशी ते एकदा समजावून सांग. हे पत्र हाताने लिहिलेलं बघून तुला नवल वाटेल. तू दिलेल्या संगणकावर लिहायचं मनात होतं, पण ते यंत्र माणसाला भरल्या ताटावरून उठवतं. त्याचंच गाऱ्हाणं आहे.

दिवाळीत तू तुझा जुना संगणक आणून दिलास, त्यात ती फुकटात मिळणारी लिनक्स यंत्रणा घातलीस आणि म्हणालास, दादा, तुला एवढं पुरे. पुरत होतं. मग मी एक काम अंगावर घेतलं. ओळखीच्या घरी लग्न निघालं. मुलीचा बाप पिशवीभर जुने फोटो घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, हे एकामागून एक दिसतील, मागे गाणी वाजतील, अशी फिल्म करून द्या. (लग्न कुणाचं ते पुढे सांगतो. आत्ताच सांगितलं तर तू पत्र इथेच मिटशील.) त्या पिशवीत आपलं अख्खं युसूफ वडगाव होतं. शाळेची पत्र्याची खोली, आठवडी बाजार, पोहायची विहीर. विहिरीच्या काठावर तू उघडाबंब उभा आहेस, नाक वाहतंय आणि चेहरा असा की जणू विहीर तूच खणलीस. मी तो फोटो बघत बराच वेळ बसलो. गिऱ्हाईक पातेलं हातात घेऊन उभं होतं, ते शेवटी समोरच्या दुकानात गेलं.

तर फोटो चढवत गेलो. विहिरीपाशी आलो आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. मी टेबल फॅन लावला, वरून ओला पंचा पिळून घातला (आत पाणी जाऊ दिलं नाही, एवढी अक्कल आहे). तेवढ्यात माझी खिडकी गायब. ना विचारलं, ना सांगितलं. बाकी सगळं जसंच्या तसं. म्हणजे तुझ्या वहिनीनं उघडून ठेवलेली साबुदाण्याच्या वड्यांची, इरकली साड्यांची आणि भजनांची पानं सुखात बसलेली, आणि सकाळपासून राबणारा मी तेवढा बाहेर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा विहिरीपाशीच. मी बसम्माला बोललो की तुझ्या साड्यांपायी माझं काम बुडतंय. ती शांतपणे म्हणाली, "मशीनला कळतंय कुणाला उठवायचं ते." आणि चहा बंद केला. दोन दिवस मी समोरच्या हॉटेलातला चहा प्यायलो. त्याला काय चव होती ते लिहीत नाही, हॉटेलवाला आपलं गिऱ्हाईक आहे.

मग तुला फोन केला. तू छान समजावलंस, खोटं कशाला बोलू. मेमरी म्हणजे बसायची जागा. जागा भरली की यंत्रणा आधी थोडं सामान डिस्कवर हलवते, तिथे जागा असते पण सगळं रखडतं. तेही भरलं की सगळंच अडकायची वेळ येते. मग ती एकेकाकडे बघते, कुणी किती जागा धरलीय, आणि सगळ्यात जास्त ज्यानं धरलीय त्याला बंद करते, म्हणजे बाकीचे जगतात. मी म्हटलं, हा अन्याय आहे. तू म्हणालास, "दादा, यात अन्याय कसला? एकाला उतरवलं नाही तर सगळेच अडकतील. त्यात राग धरायचा नसतो." हे मी तुला तीन वेळा फोन करून विचारलं आणि तिन्ही वेळा तू न चिडता सांगितलंस. तिसऱ्या वेळी वर असंही म्हणालास की बंद केला म्हणजे मेला नाही, पुन्हा उघडायचा, जागा मिळते.

श्रीशैल, हे ऐकताना मला वडगाव–केज काळीपिवळी जीप दिसत होती. आत माणूस मावेना झाला की टपावर. टप भरला की मागच्या शिडीला. आणि ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर, एका हातानं स्टेअरिंग, तोंडानं "जागा हाय, जागा हाय, सरका जरा". त्या गाडीत आपण बाजाराला गेलो, जत्रेला गेलो, तुझ्या आईला दवाखान्यात नेलं. आता रस्ता गुळगुळीत झालाय, घरटी मोटारसायकल आहे, आणि कुणी कुणाला सरका म्हणत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

तू पुण्याला पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला निघालास तो दिवस आठव. मी टपावर होतो. तुझ्याबरोबर पत्र्याची पेटी, वळकटी, ज्वारीचं पोतं, तुपाचा डबा आणि मांडीवर काकूनं दिलेली लोणच्याची बरणी. आत दहावीच्या पेपरला निघालेली पोरं एकमेकांच्या मांडीवर. फाट्याजवळच्या चढावर गाडी थांबली. आम्ही उतरून ढकलली, हलली नाही. ड्रायव्हरनं गाडीभोवती एक चक्कर मारली, सगळ्यांकडे बघितलं आणि तुला म्हणाला, "शिऱ्या, तू उतर. पोरांचा पेपर हाय." तुझं सामान फाट्यावर उतरलं आणि गाडी चढ चढली. पोरांना सोडून तो रिकामी जीप घेऊन तुझ्यासाठी परत आला, तोवर तू रागारागात उसाच्या ट्रॅक्टरवर बसून गेला होतास. पुण्याची गाडी चुकली, एक दिवस उशिरा रुजू झालास, आणि त्या दिवसापासून त्या ड्रायव्हरशी, आपल्या आश्रुबाशी, बोलला नाहीस. एका सायकलवर डबलसीट शाळेला जाणारे तुम्ही दोघं. तुझ्या लग्नाची पत्रिका अख्ख्या वडगावला गेली, त्याच्या घरी नाही.

तर मला एवढंच सांग, तुझी यंत्रणा करते तो न्याय, मग आश्रुबानं काय वेगळं केलं? मला तर एकच फरक दिसतो. यंत्रणा कुणाला न्यायला परत येत नाही.

बसम्मा पाठीला लावायला तेल पाठवतेय. सुनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
मन्मथदादा

ता. क. लग्न आश्रुबाच्या धाकट्या मुलीचं, पौर्णिमाचं. येत्या पौर्णिमेला, वडगावच्या विहारात. तू यायचंस. लग्न झालं की जीप भंगारात जाणार आहे. तू फाट्यावर बसमधून उतर, जीप तिथे न्यायला येईल. सामान कमी आण.

ता. क. आणखी एक. संगणक ठणठणीत आहे. पौर्णिमानंच खोकं उघडून मेमरीची जास्तीची पट्टी बसवली, मी तुला तिसरा फोन केला त्याच्या आदल्या दिवशी. फिल्मही झाली, शेवटचा फोटो तुमचा सायकलवरचा आहे. चहा सुरू झालाय.

ता. क. शेवटचं. तिसऱ्या फोनला मी स्पीकर लावला होता. आश्रुबा समोरच स्टुलावर बसला होता. तुझं सगळं बोलणं त्यानं ऐकलं, राग धरायचा नसतो तेही, आणि पुन्हा उघडलं की जागा मिळते तेही. फोन ठेवल्यावर त्यानं टोपी काढली, डोळे पुसले, आणि एवढंच म्हणाला, "त्याला लिवा, जागा हाय."