पुढे नाड्या असलेला गाऊन

मी, खाली सही करणारी, शिवणकामावर पोट भरणारी, दोन मुलींची आई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. वकीलकाकांनी दिलेल्या मसुद्यात यापुढचे वाक्य असे होते की, मी हे कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. ते मी खोडले आहे. मी घाबरले आहे, आणि भीतीइतका दबाव माझ्यावर आजवर कोणी आणला नाही. पण काय कोणाला द्यायचे ते मला घाबरलेले असतानाही कळते. काका म्हणाले, कायद्याला तेवढे पुरते.

माझे वय मृत्युपत्राचे नाही, म्हणून आधी कारण सांगते. मला दिवस गेले आहेत, पाचवा महिना चालू आहे. थोरली आणि ठमी, दोघीही ऑपरेशनने झाल्या. ठमीच्या वेळी इतके रक्त गेले की बाळाचे तोंड मी चौथ्या दिवशी पाहिले. या खेपेला वार, म्हणजे बाळाला पोसणारी ती गादी, जुन्या टाक्यांतच रुतून बसली आहे. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवले. एकाच शिवणीवर पुन्हा पुन्हा उसवून शिवले की कापड तिथे विरते आणि एक दिवस तिथेच फाटते, हे मी रोज बघते. त्या म्हणाल्या, "आत्ता थांबवलं तर तुम्ही वाचाल अशी चांगली आशा आहे. जितकं लांबेल तितकी ती कमी." पण इथल्या कायद्याने त्यांना ते आपल्या अखत्यारीत करता येत नाही. नवऱ्याची सही लागते, आणि वर इस्पितळाच्या वैद्यकीय मंडळाची परवानगी.

सही झाली. मंडळाने मात्र लिहून दिले की धोका आहे, पण आज तो तातडीचा नाही. रक्त जायला लागले की लगेच या.

तेव्हा मी आता त्याचीच वाट बघते आहे. मशीनवर बसले की दर थोड्या वेळाने उठून साडी मागून बघते. मुलींना वाटते, आईला सारखे काहीतरी सांडल्याचा भास होतो.

कलम १. माझे पती (यापुढे 'हे', कारण चौदा वर्षांत मी त्यांना दुसऱ्या कोणत्याही नावाने हाक मारलेली नाही) बस चालवतात. स्वभावाने गरीब आहेत. दुकानाची पुढची खोली माझ्या शिलाईतून घेतलेली, माझ्या नावावर आहे. ती दोघी मुलींना सारखी द्यावी. ह्यांनी तिथे हवे तितके दिवस राहावे. दुसरे लग्न करायचे झाले तर माझी हरकत नाही. फक्त त्या बाईला मुले हवीत का आणि किती, हे तिलाच विचारावे, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नये.

कलम २. बँकेतले जे असेल ते मुलींच्या शिक्षणाला. लग्नाला नाही. लग्न ज्याला करायचे त्याने आपल्या खिशातून करावे.

कलम ३. मोटारीचे मशीन काजवालीला द्यावे. काज-बटणे करायला ती माझ्याकडे आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, आता ती माझ्याच चुका काढते. पायमशीन थोरलीने ठेवावे, तिला आवडत असेल तर. नसेल तर विकावे, वाईट वाटून घेऊ नये.

कलम ४. मोठी कात्री माझ्या वडिलांची. त्यांच्या दुकानात मी परकर-पोलक्यापासून कोटापर्यंत सगळे शिकले, आणि दुकान माझ्या भावाला मिळाले, त्याला साधी तुरपाई येत नसताना. वडील म्हणाले, "तू काय, उद्या परक्या घरची." परक्या घरी येताना ही कात्री मी पिशवीत टाकून आणली. भाऊ अजून शोधतो आहे. आता त्याला कळले तर कळू दे. कात्री ठमीला द्यावी, आणि तिला बजावून सांगावे की या कात्रीने कागद कापायचा नाही. धार जाते. भावाला माझ्याकडून एक सुईदोरा द्यावा, अजून वेळ गेलेली नाही.

कलम ५. यात द्यायचे-घ्यायचे काही नाही, पण मला हे कुठेतरी लिहून ठेवायचे आहे. मागच्या वर्षी ह्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. त्याच इस्पितळात, त्याच मजल्यावर. नर्सने कागद दिला, ह्यांनी सही केली आणि चहा मागितला. मी विचारले, "माझी सही कुठं करायची?" नर्स हसली. म्हणाली, "त्यांचं पोट, त्यांची सही. तुमची कशाला?"

ठमीच्या वेळी मी टेबलावरून सांगितले होते की याच वेळी माझे मुले बंद करण्याचे ऑपरेशन करून टाका. तेव्हा मात्र नुसत्या माझ्या सहीवर भागेना. नवऱ्याला बोलवा म्हणाले. हे गाडी घेऊन बाहेरगावी गेलेले. दारात सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "मुलगा होऊ दे, मग बघू." झाले, दार लागले. आज माझ्या पोटात जे आहे ते त्या लागलेल्या दारामुळे आहे.

मंडळात चार साहेब होते. मधल्या साहेबांनी ह्यांना विचारले, "तुमचं काय म्हणणं आहे?" हे म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, साहेब." मी म्हटले, "मला विचारा. मरायचं मला आहे." साहेब चांगल्या आवाजात म्हणाले, "विचारणार ना, बाई. घाबरू नका." आणि पान उलटले. विचारले नाहीच.

मी काही शिकलेली नाही, पण उलट करून बघितले. त्या चार साहेबांपैकी कोणाच्या पोटात असे काही रुतले असते, तर बायकोची सही घेऊन, चार बायकांपुढे उभे राहून, रक्त येईपर्यंत थांबा असे त्यांना कोणी सांगितले असते का? नसते सांगितले. मग मला सांगितले ते मी बाई आहे म्हणून, दुसरे कारण मला सापडत नाही. वकीलकाकांना विचारले, याला तुमच्यात काय म्हणतात? ते म्हणाले, "भेदभाव म्हणतात. पण ते मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, बसवून बघते, कापड सैल आहे.

आणि हेही काकांनीच सांगितले की माझी खोली, मशीन, कात्री कोणाला द्यायची ते माझे मी ठरवू शकते, त्यात कोणाची परवानगी लागत नाही. शहाणी आहे म्हणून. मशीनपुरती शहाणी.

कलम ६. इस्पितळाचे गाऊन मीच शिवते. नाड्या पाठीमागे. एकदा मी एक गठ्ठा पुढून बांधायचे करून दिले, कारण ठमीच्या वेळी पाठीमागची नाडी बांधायला मला कोणी मिळाले नव्हते आणि मी तशीच, पाठ उघडी, दारापर्यंत चालत गेले होते. गठ्ठा परत आला. भांडारवाले म्हणाले, "पेशंटनं कशाला बांधायचा? आम्ही असतो ना बांधायला." त्यातला एक गाऊन मी ठेवून घेतला. तो कपाटातल्या निळ्या पिशवीत आहे, टॉवेल आणि रिपोर्टांबरोबर. मला नेताना तो घालावा. गाठ माझी मी मारीन.

कलम ७. हे कलम मी मेल्यावर वाचून उपयोग नाही. काका म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते, आधी त्याला कोणी विचारत नाही. मला माहीत आहे. तरी लिहिते. मी शुद्धीवर नसेन आणि कोणी विचारले की आता काय करायचे, तर माझे उत्तर हे आहे: मला वाचवा. आधी मला. मला दोन मुली आहेत, आणि मुली नसत्या तरी मला वाचायचे आहे. त्यासाठी गर्भपिशवी काढावी लागली तर काढा. कोणाची वाट बघू नका.

हे उत्तर माझ्या वतीने सासूबाईंनी द्यावे.

ह्यांनी नाही. ह्यांच्यावर माझा राग नाही, पण साहेब दिसला की ह्यांचा आवाज बसतो. आणि सासूबाई का, हे वाचणाऱ्याला नवल वाटेल. मंडळाच्या दिवशी त्याही बरोबर होत्या, खाली उतरताना जिन्यातच बसल्या. मला वाटले, चक्कर आली. म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण अशीच गेली. नवरा येऊ दे म्हणाले. तो येईपर्यंत संपलं होतं सगळं." मी विचारले, "मग ठमीच्या वेळी तुम्ही असं का बोललात?" त्या म्हणाल्या, "आम्हाला तसंच बोलायला शिकवलं गं. तोंडातून आपोआप येतं." मग कठड्याला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "आता मला नीट पाठ करून दे, काय बोलायचं ते."

म्हणून हे कलम त्यांना रोज दुपारी वाचून दाखवते. त्यांचे पाठ झाले आहे. माझे होत नाही, मी अजून कागदात बघूनच वाचते.

कलम ८. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. म्हणून सासूबाईंना मी यात काहीही दिलेले नाही, पाटल्यांवरून झालेले भांडणही मिटवलेले नाही. त्या म्हणाल्या, "मला काही नको. सही कुठं करू तेवढं दाखव." हे मघापासून दारात पेन घेऊन उभे आहेत. त्यांना सांगितले की या एका कागदावर तुमची सही चालत नाही. त्यांनी पेन खिशात ठेवले आणि तिथेच उंबऱ्यावर बसले.

मी बरी होऊन परत आले, तर हा कागद मी माझ्या हाताने फाडणार आहे. कात्रीने नाही.

मृत्युपत्र करणारी: (सही) शिवणकामवाली, दोन मुलींची आई

साक्षीदार:
(सही) समोरचे चष्मेवाले. सगळे वाचायची गरज नाही असे सांगूनही सगळे वाचले.
(सही) सासूबाई

ठिकाण: दुकानाची पुढची खोली
दिनांक: १७, सोमवार, दुपार

ता. क. सह्यांच्या खाली लिहिलेले धरत नाहीत, हे काकांनी सांगितले आहे. आज गुरुवार. खुर्ची भिजली आहे. हे गाडी आणायला धावले आहेत. गाऊन घातला, गाठ मारली. सासूबाई चप्पल घालून हा कागद मागत आहेत. कलम ७ आता वाचावे. मी जिवंत आहे.