माझ्या नावाचं जाकीट

प्रिय सोने,

फोन सोडून पत्र कसलं लिहितेय, म्हणून आधी कपाळाला आठ्या घालशील. फोनवर तू मला बोलू देतेस कुठं? सगळं हसण्यावारी नेतेस आन् मग मलाही हसावं लागतं. आज मला हसायचं नाही. मी तुझ्यावर लय जळते, हे एकदा सरळ सांगून टाकायचंय.

ह्यांना पलटणीतून सुटल्यावर साताऱ्यात बँकेत नोकरी लागली, मग मी एकटी गावात कशी राहणार? इथं काही कमी नाही गं. नळाला पाणी आहे, शेजार चांगला आहे. पण आपल्या शिवणगटाच्या ग्रुपवर तुझे फोटो आले की घास गिळवत नाही. सोनिया सांगलीला शिवण शिकवायला गेली, सोनियाचं पेपरात नाव आलं, सोनिया अशी आन् सोनिया तशी! वाकळेच्या टाक्यानं जाकिटं शिवायचं डोकं कुणाचं होतं? माझं. तू तर म्हणाली होतीस, पांघरायची वाकळ अंगात घालून कोण फिरंल! ओसरीवरची माझी शिवायची उजेडाची जागाही गटात नव्यानं आलेल्या राणीला दिलीस, फोटोत बघितलं मी. त्या दिवशी ह्यांच्याशीही धड बोलले नाही.

आमची रेश्मा कॉलेजात गेल्यापासून कपड्यांच्या बाबतीत फार शहाणी झालीय. शिवणाऱ्या बाईला योग्य मजुरी मिळाली असेल तरच नवं घेणार, नाहीतर जुनंच घालणार. स्वस्तातला ड्रेस दाखवला की विचारते, यात शिवणारीच्या हातात काय पडलं असेल गं आई? गेल्या रविवारी ती मला पोवई नाक्याजवळच्या तसल्याच एका दुकानात घेऊन गेली. प्रत्येक कपड्याला शिवणारीच्या नावाचं लेबल. आणि तिथं आपली जाकिटं टांगलेली! तुझं नाव शोधायचं आणि पुन्हा पोटात दुखवून घ्यायचं, म्हणून मी एकेक लेबल उलटं करून बघायला लागले. निळ्या जाकिटावर लिहिलं होतं : दीपमाला, तालुका कवठे महांकाळ.

मी गारच पडले. गाव सोडल्यापासून सुई हातात धरली नाही गं मी! मग उलगडलं. आपण पैऱ्यानं शिवायचो. रानात सगळ्या मिळून आज हिची भांगलण, उद्या तिची उरकायची, तसंच. हात सगळ्यांचे, लेबलावर नाव पाळीपाळीनं. माझी पाळी तुम्ही अजून चालू ठेवलीय. जाकीट उलटं करून टाके बघितले. कोपऱ्यावर तुझा डावरा हात उलटा वळतो, ते मी अंधारातही ओळखेन. अख्खं जाकीट तुझं एकटीचं होतं.

रेश्मानं तेवढ्यात ओरडून सांगितलं, की ही दीपमाला म्हणजे माझी आईच! दुकानाच्या मालकीणबाई धावत आल्या. दोन गिऱ्हाइकं टाक्यांवरून हात फिरवत माझं कौतुक करायला लागली. किती बारीक, किती सरळ! सोने, कौतुक माझ्याच नावाचं चाललं होतं आणि मी उभ्या उभ्या तुझ्यावर जळत होते. इतका देखणा टाका मला कधीच जमला नव्हता. जाकीट मीच विकत घेतलं. स्वतःच शिवून स्वतःच घेतलं म्हणून सगळे हसले.

आता पत्राचं खरं कारण. मालकीणबाई पुढच्या महिन्यात गिऱ्हाइकं घेऊन गावाकडं येणार आहेत. लेबलावरची दीपमाला शिवताना त्यांना बघायचीय, आन् मी खुळ्यासारखी हो म्हणून बसले. लेबल खोटं ठरलं तर गटाचं काम जाईल, गटातल्या हरणाबाईंचा म्हातारपणीचा आधारही तुटेल. रागाच्या भरात वाटलं, सोनियाचं सोनियानं निस्तरावं. पण मग तू लेबलावरून माझं नाव काढून टाकशील, ही भीती रागाहून मोठी निघाली. नाव काढू नकोस. पैऱ्याचं मी मालकीणबाईंना नीट समजावून सांगेन, पण तोंड उघडायच्या आधी माझ्या हाताला तसा टाका आला पाहिजे. सोमवारच्या एसटीनं येतेय, महिनाभर राहीन. ह्यांना सांगून टाकलंय, जेवणाचं तुम्ही बघा. मला तुझ्यासारखं शिवायला शिकव. तुझ्या हाताखाली बसताना मला लाज वाटेल, रागही येईल, एखादेवेळी रडेनही. तरी शिकव.

तुझ्यावर जळणारी, पण तुझीच
दीपमाला