बिनघुमटाचं वाचनालय

४ मार्च, सकाळी ९
परांची उतरली. वाचनालय उघडं झालं. ना कमान, ना नक्षी, ना रंग. नुसतं काँक्रीट. आर्किटेक्ट म्हणून माझं सर्वोत्तम काम. समोर पन्नासेक माणसं दहा मिनिटं माना वर करून उभी. थक्क होणं म्हणतात ते हेच. मग एका बाईंनी विचारलं, प्लास्टर कधी करणार?
संकल्प: लोकांशी वाद घालायचा नाही.

दुपारी १
वाद घातला. बाई तिथल्याच ग्रंथपाल निघाल्या.

७ मार्च
पेपरात फोटो. वर मथळा: ‘वाचनालय की गोदाम?’ फोटोग्राफरला अँगल कळत नाही. उत्तर देणं मला शोभत नाही. चार पानी उत्तर पाठवलं.

१० मार्च
पालिकेकडे अर्ज गेलाय. दर्शनी भिंतीला खांब, कमानी आणि वर घुमट बसवा म्हणे. अकराशे सह्या. शनिवारी जाहीर सुनावणी, लगेच मतदान. घुमट! बायकोला म्हटलं, लोकांना नजरच नाही. ती म्हणाली, बाबांना एकदा दाखवा. सासऱ्यांचा जन्म गवंडीकामात गेला. मी हसलो.

१२ मार्च
दाखवलं. केवळ हिच्या आग्रहाखातर. सासऱ्यांनी भिंतीवरून हात फिरवला, एक डोळा मिटून कोपरा पाहिला. म्हणाले, ओळंब्यात आहे, सुतभरही कललेली नाही. तज्ज्ञ साक्षीदार मिळाला! सुनावणीत बोला म्हटलं. बोलेन, म्हणाले, पण मला दिसलं तेच बोलेन. अर्थातच. दिसण्यासारखं दुसरं आहे काय?

१४ मार्च
भाषण पाठ. बरोब्बर पाच मिनिटं. बायको म्हणाली, उद्या काहीही होवो, कुणाला अडाणी म्हणू नका. मी असं कधी म्हणतो?

१५ मार्च, संध्याकाळी ७
आठव्या मिनिटाला म्हणालो. सभागृह उसळलं. अध्यक्षांनी माझा माईक बंद केला. आता घुमट नक्की, असं मागून कुणीतरी ओरडलं.
तेवढ्यात सासरे उठले.
म्हणाले, “काम चोख आहे. वर घुमट चढवून त्याचं सोंग करू नका.” माझे डोळे भरून आले. “पण बुधवारी मी तिथे तासभर उभा होतो. गुडघे धरले. म्हाताऱ्या माणसाने टेकायचं कुठे? भिंतीलगत एक कट्टा हवा. मी बांधून देतो.”
टाळ्या थांबेनात. कट्ट्याने दर्शनी रेषा मरेल हे सांगायला मी उठलो. बायकोने शर्ट ओढून खाली बसवलं.
मतदान: घुमट नाही, कमानी नाहीत, कट्टा हवा. लोकांना माझं भाषण जरा उशिराने पटलं.

२ एप्रिल
कट्टा तयार. संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही. उन्हाने तापलेल्या काँक्रीटला पाठ टेकली की बरं वाटतं म्हणे. ग्रंथपालबाईही तिथेच वाचत बसतात. शेवटी माझी दृष्टी लोकांपर्यंत पोचली!
आज शाळेची सहल आली. ग्रंथपालबाईंनी मला पाहिलं, मुलांना जवळ बोलावलं. मी कॉलर नीट केली. बाई म्हणाल्या, मुलांनो, नमस्कार करा. ज्या आजोबांनी हा कट्टा बांधला ना, त्यांचे हे जावई.