आबांचं नाव निघालं की

कुवेत, ४ ऑगस्ट २००३

प्रिय सम्राट,

तुला आणि घरच्या सगळ्यांना ताईचा जय भीम. मी बरी आहे. हॉस्पिटलनं दिलेल्या खोलीत एसी आहे, आणि आईची शेंगदाण्याची चटणी अजून पुरतीय.

शुक्रवारी तू शिक्रापूरच्या कॅफेत बसून इंटरनेटवरनं बोललास. साध्या फोनच्या तीन मिनिटांच्या पैशात तासभर बोलणं झालं. एवढं स्वस्त, आणि तुझं प्रत्येक उत्तर जरा उशिरानं येणारं, म्हणल्यावर मला शंका आलीच. इथल्या कॅफेवाल्याला विचारलं, उत्तर उशिरा का येतं? तो म्हणाला, आवाजाचे तुकडे होऊन नेटवरनं जातात आणि पलीकडं पुन्हा जोडले जातात, त्याला वेळ लागतो.

पटलं. पण पेशंटची पल्स मोजून मोजून माझी नजर आपोआप घड्याळावर जाते. म्हैस व्यायली का विचारलं, दोन सेकंदांत उत्तर आलं. आपल्या धाकट्या तेजश्रीच्या शाळेचं विचारलं, तेव्हाही दोनच. आबा कसे आहेत विचारलं, तर सहा सेकंदांनी म्हणालास, "झ्याक हायेत, मळ्यात गेल्यात." थोड्या वेळानं मुद्दाम पुन्हा विचारलं. पुन्हा सहा.

आईच्या गुडघ्याला तेल लावतोस ना?

सम्राट, दोन सेकंद मशीनचे आहेत. वरचे चार तुझे. त्या चार सेकंदांत काय लपवलंस ते पत्रात लिही, आणि खाली आबांची सही घे. हात थरथरला तरी चालेल, पण सही त्यांचीच पाहिजे.

वाट बघणारी,
सुरेखाताई