एका वेळी एकच मुलगा

प्रिय रॉइस,

हेड कोचच्या जागेसाठी उरलेल्या शेवटच्या दोन नावांत तुझं नाव आहे, हे आपल्या लेकीने सांगायच्या आधीच मला माझे केस कापणाऱ्या बाईने सांगितलं. या गावात घटस्फोट झाला की नवरा जातो, त्याच्या सामन्यांचे निकाल मात्र घरपोच येत राहतात. अभिनंदन करत नाही. सही होण्याआधी केलं तर तुम्ही कोच लोक मांजर आडवं गेल्यासारखं तोंड करता.

उभं आयुष्य क्वार्टरबॅकचा कोच! कॉलेज फुटबॉलच्या शंभर पोरांच्या संघात जो चेंडू फेकतो त्या एकट्याला शिकवायचं. तो जिंकला तर तो हिरो, हरला तर तू गाढव, आणि हेड कोचची गच्छंती झाली की गाशा तूही गुंडाळायचा. आपली ब्रिन लहान असताना नव्या गावच्या पहिल्याच सामन्यात उभी राहिली आणि खणखणीत आवाजात मागच्या कॉलेजचं गाणं म्हणाली, आठवतं? पुढच्या रांगेतली देणगीदारबाई वळून म्हणाली, "बाळा, हे गाणं म्हणणाऱ्यांना आम्ही इथेच पुरतो हं." मी म्हटलं, "काळजी नको, हिला तुमचं पाठ होईपर्यंत तुम्ही आम्हाला हाकललेलं असेल." हाकललंच.

मला कुतूहल मात्र एकाच गोष्टीचं होतं. पोराने चेंडू समोरच्यांच्या हातात फेकला की तो मान खाली घालून बाकावर येणार. मग तू शेजारी टेकणार आणि कॅमेऱ्यातून कुणी ओठ वाचू नयेत म्हणून डावपेचांचा तो भलामोठा तक्ता तोंडासमोर धरून काहीतरी बोलणार. अख्खं स्टेडियम शिव्या घालतंय आणि तुम्ही दोघं जणू चर्चच्या कोपऱ्यात! काय बोललास विचारलं की, "कामाचं." ती सवय इतकी मुरलेली की हॉटेलात मेन्यूकार्ड तोंडावर धरून मला "मीठ दे" म्हणायचास. जेवणाची तक्रार चाललीय समजून एकदा वेटर बिचारा आचाऱ्यालाच घेऊन आला होता.

मागच्या आठवड्यात उलगडा झाला. बर्फ उपसायचं यंत्र घ्यायला गेले, तर दुकानात तुझा जुना क्वार्टरबॅक, वेड! अर्ध्या सामन्यातच तीनदा चेंडू घालवणारा तोच. पोट सुटलंय, अजून मला "कोचच्या मॅडम" म्हणतो. आपल्या घटस्फोटाची बातमी यंत्रांच्या दुकानापर्यंत पोचलेली नाही. मी सरळच विचारलं, त्या दिवशी बाकावर कोच काय बोलले. म्हणाला, "मला वाटलं, आता कोच फाडून खातात. तर तक्ता तोंडाशी धरून म्हणतात कसे, 'वेड, तुला आमच्या कॉलेजात ये म्हणायला तुमच्या घरी आलो होतो ना, तेव्हा तुझ्या आईने जेलीत घातलेलं गाजर वाढलं होतं. तू यावास म्हणून दोनदा घेतलं मी. आता खरं सांग, ते खायचं असतं, की नुसतं टेबलावर ठेवायचं?' मॅडम, मला हसू आवरेना!" जिंकलात का मग, मी विचारलं. "छे हो! पण नंतर एकदाही चेंडू घालवला नाही."

दुकानात मी खूप हसले. घरी आल्यावर मात्र वाटलं, तुझ्या बाकावर एका वेळी एकच माणूस मावतं, हे लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

असो. लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. काल तुमच्या विद्यापीठातल्या एका गृहस्थाचा फोन आला. हेड कोच नेमण्याआधी हल्ली म्हणे माजी बायकांकडेही चौकशी करतात. "मॅडम, शंभर पोरं, देणगीदार, पत्रकार, हे सगळं झेपेल का त्यांना?" मी सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली. हेड कोच मैदानाच्या कडेला उभा असतो, रॉइस. पोराच्या शेजारी दुसराच कुणी जाऊन बसतो. तू ते पद मिळवावंस असं तुझ्या वडिलांना वाटायचं. मलाही वाटायचं, कारण घर मोठं मिळतं. तुला ते हवंय का, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. म्हणून विचारते. ब्रिन शुक्रवारी तुझ्याकडे येतेय, तिच्याच हाती हे देते. हवं असेल तर तसं कळव; मी तुझी अशी स्तुती करीन की ते म्हणतील, मग या बाईने याला सोडलं कशाला! नको असेल तर मी त्यांना सांगेन, त्याला आहे तिथेच राहू द्या. यातलं एकही खोटं असणार नाही. कुठलं सांगू, तेवढं तू ठरव.

एके काळची तुझी, आणि फोनवर अजूनही तुझ्याच बाजूची,
जनेल